एसयूव्हीसाठी हिवाळी टायर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पहिला बर्फ पडायच्या महिनाभर आधीपासून तेच तेच प्रश्न येऊ लागतात. बहुतेकांची सुरुवात "कोणत्या कंपनीचा टायर घेऊ?" अशी असते. माझ्या मते हा प्रश्न सगळ्यात शेवटी यायला हवा. आधी तुमचा हिवाळा कसा आहे ते बघा, मग गाडीला काय बसतं ते बघा, आणि मग नाव निवडा. खालची उत्तरंही त्याच क्रमाने लावली आहेत. प्रत्येक उत्तर सुटं वाचता येईल. जिथे विषय दुसरीकडे सविस्तर आला आहे, तिथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. हिवाळी टायरमध्ये नेमकं वेगळं काय असतं? रबर ते रबरच ना?

रबरातच सगळ्यात मोठा फरक असतो. उन्हाळी टायरचं रबर थंडीत कडक होत जातं. साधारण ७ अंश सेल्सिअसच्या खाली त्याची पकड कमी होऊ लागते, मग रस्ता कोरडा का असेना. हा ७ चा आकडा ढोबळ आहे, त्या तापमानाला काही एकदम घडत नाही. हिवाळी टायरच्या मिश्रणात नैसर्गिक रबर आणि सिलिका अशा बेताने घालतात की शून्याच्या बरंच खालीही ते लवचिक राहतं. कडक थंडीत रात्रभर बाहेर उभ्या असलेल्या दोन गाड्यांच्या टायरांना सकाळी अंगठ्याचं नख लावून बघा. एकावर नख घसरतं, दुसऱ्यात किंचित रुततं.

दुसरा फरक नक्षीचा. हिवाळी टायरच्या खाचा रुंद आणि खोल असतात आणि त्या मुद्दाम बर्फ धरून ठेवतात. बर्फावर रबरापेक्षा बर्फच जास्त चांगला चिकटतो. मुठीत दाबलेला गोळा दुसऱ्या गोळ्याला चिकटतो, तेच इथे होतं. म्हणून बर्फात चालवून आल्यावर खाचा पांढऱ्या भरलेल्या दिसल्या तर टायर आपलं काम करतो आहे असं समजा.

तिसरा फरक बटणांवरच्या, म्हणजे नक्षीतल्या उंच ठोकळ्यांवरच्या, बारीक कापांचा. टायरचं एखादं बटण अंगठ्याने वाकवून बघा, वहीची पानं फाकावीत तसे ते काप उघडतात. प्रत्येक कापाची कड बर्फाला ओरखडते, आणि काचेसारख्या बर्फावरचा पाण्याचा पातळ थर त्या फटीत ओढला जातो.

ही कल्पना जुनी आहे. फिनलंडमध्ये १९३४ साली ट्रकसाठी आणि १९३६ साली मोटारींसाठी (हाक्कापेलीट्टा या नावाने) बर्फासाठीचे खास टायर निघाले होते.

२. माझी एसयूव्ही फोर व्हील ड्राइव्ह आहे. तरीही हिवाळी टायर लागतील का?

हो. सगळ्यात जास्त वेळा येणारा आणि सगळ्यात जास्त गैरसमज असलेला प्रश्न हाच आहे.

चारही चाकांना इंजिनाचा जोर मिळाला की गाडी जागची चांगली हलते, चढ चांगला चढते. पण ब्रेक तर साध्या गाडीलाही चारही चाकांना असतात. थांबताना आणि वळताना फोर व्हील ड्राइव्हचा उपयोग जवळपास शून्य. तिथे फक्त टायर आणि रस्ता यांच्यातलं घर्षण कामाला येतं. गाडी जड आहे म्हणून ती रस्त्याला घट्ट धरते, हाही असाच समज. वजनामुळे पकड वाढते हे खरं, पण थांबवायची ऊर्जाही त्याच प्रमाणात वाढते. फायदा उरत नाही.

थोडं गणित करून बघा. ताशी ५० किमी वेगाने जाणाऱ्या गाडीला पूर्ण ब्रेक लावला आणि घर्षणाचा गुणांक ०.८ असला, म्हणजे चांगला कोरडा रस्ता असला, तर ती साधारण १२ मीटरमध्ये थांबते. गुणांक ०.३ झाला तर ३३ मीटर लागतात. ०.१ झाला, म्हणजे गुळगुळीत ओला बर्फ असला, तर ९८ मीटर. यात गाडीचं वजन कुठेच येत नाही, किती चाकांना जोर मिळतो हेही येत नाही. टायर बदलून तुम्ही हा गुणांक वर नेता.

माझ्या पहिल्या बर्फाळ हिवाळ्यात माझ्याकडे फोर व्हील ड्राइव्ह गाडी होती आणि गाडीसोबत आलेले ऑल सीझन टायर (प्रश्न ४) होते. ताज्या बर्फात ती इतकी सहज निघायची की मला वाटलं, झालं काम. एका सकाळी छोट्या उतारावर सिग्नल लाल झाला. ब्रेक दाबला, पायाखाली एबीएसची (चाकं जाम होऊ न देणाऱ्या ब्रेक यंत्रणेची) धडधड सुरू झाली, आणि गाडी चालण्याच्या वेगाने सरकत चौकाच्या मधोमध जाऊन उभी राहिली. समोरून कोणी येत नव्हतं म्हणून निभावलं. फोर व्हील ड्राइव्हचा धोका हाच: निघताना रस्ता किती निसरडा आहे हे ती कळू देत नाही. पुढच्याच आठवड्यात मी टायर बदलले.

३. टायरवर "एम+एस" छापलेलं आहे. म्हणजे तो हिवाळीच झाला ना?

नाही. चिखल आणि बर्फ या इंग्रजी शब्दांच्या आद्याक्षरांची ती खूण आहे. ती नक्षीच्या रचनेवरून दिली जाते, त्यासाठी बर्फावर चाचणी सक्तीची नसते. बऱ्याच एसयूव्हींच्या मूळ ऑल सीझन टायरांवर ती असते, म्हणून फसगत होते.

शोधायचं चिन्ह वेगळं आहे: तीन शिखरांचा डोंगर आणि त्याच्या आत हिमकण. हे चिन्ह १९९९ मध्ये उत्तर अमेरिकेत सुरू झालं, आता युरोपातही तेच चालतं. ते मिळवायला टायरची दाबलेल्या बर्फावर प्रत्यक्ष चाचणी व्हावी लागते आणि एका ठरावीक संदर्भ टायरपेक्षा तो नेमून दिलेल्या प्रमाणात सरस ठरावा लागतो. अमेरिकी चाचणीत हे प्रमाण किमान १० टक्के आहे. टॉर्च घेऊन चाकाशेजारी बसा आणि टायरच्या बाजूवर हे चिन्ह शोधा, दोन मिनिटांचं काम आहे.

पण या चिन्हालाही मर्यादा आहे. ती चाचणी दाबलेल्या बर्फावरची आहे. काचेसारख्या बर्फावर टायर कसा वागेल हे त्यातून कळत नाही. त्यासाठी प्रश्न ५ पाहा.

४. ऑल सीझन, ऑल वेदर आणि हिवाळी यांत फरक काय?

ऑल सीझन हा मुळात सौम्य हवामानाचा टायर. कधीतरी पडणारा हलका बर्फ तो निभावून नेतो. ऑल वेदर टायरवर डोंगर-हिमकणाचं चिन्ह असतं आणि तो वर्षभर ठेवता येतो. युरोपात मात्र चिन्ह असलेल्या टायरलाही सर्रास ऑल सीझन म्हणतात, त्यामुळे नावावर जाऊ नका, चिन्ह बघा.

बर्फ वर्षातून पाच-सात दिवस पडतो, रस्ते लगेच साफ होतात आणि त्या दिवशी घरी थांबणं जमतं, अशा ठिकाणी ऑल वेदर टायर मला पटतो. तीन-चार महिने रस्ता पांढराच असतो आणि कामावर जावंच लागतं, तिथे खरा हिवाळी टायरच हवा. जड एसयूव्ही उतारावर थांबवायची असेल तर दोहोंतला फरक स्पष्ट जाणवतो.

५. हिवाळी टायरमध्येही प्रकार असतात म्हणे. माझ्यासाठी कोणता?

असतात, आणि निवडीतला खरा निर्णय हाच आहे. दुकानात याबद्दल क्वचितच विचारलं जातं.

ढोबळमानाने दोन घराणी आहेत. पहिलं मध्य युरोपी पद्धतीचं. इथे गृहीत धरलेला हिवाळा ओला असतो: शून्याच्या आसपास तापमान, पाऊस, बर्फ-पाण्याचा चिखल, मीठ टाकलेले महामार्ग, अधूनमधून बर्फ. या टायरचं रबर थोडं घट्ट असतं, पाणी बाहेर फेकायच्या खाचा ठळक असतात आणि ताशी २१० किंवा २४० किमीपर्यंतच्या वेगाची मान्यता असते. दुसरं नॉर्डिक, म्हणजे उत्तर युरोपी पद्धतीचं, बर्फात रुतणारे धातूचे खिळे (प्रश्न ६) नसलेलं. ते लांबलचक, कडक हिवाळ्यासाठी असतं, जिथे आठवडेच्या आठवडे रस्त्यावर दाबलेला बर्फ आणि काचेसारखा थर असतो. त्याचं रबर फार मऊ असतं, काप दाट असतात, वेगाची मान्यता कमी असते.

चूक दोन्हीकडून होते. कडक थंडीच्या भागात मध्य युरोपी टायर घेतला तर चौकातल्या घासून गुळगुळीत झालेल्या बर्फावर तो कमी पडतो. ओल्या, सौम्य हिवाळ्यात नॉर्डिक टायर घेतला तर ओल्या डांबरावर ब्रेकचं अंतर वाढतं, गाडी वळताना लिबलिबीत वाटते आणि टायर लवकर झिजतो. उंच, जड एसयूव्हीत हा लिबलिबीतपणा जास्तच कळतो. युरोपीय संघात १ मे २०२१ पासून टायरच्या लेबलवर बर्फातल्या पकडीचं आणि काचेसारख्या बर्फावरच्या पकडीचं अशी दोन वेगवेगळी चिन्हं आली आहेत. दुसरं चिन्ह असलेला टायर अतिकडक हवामानासाठी आहे आणि सौम्य हवेत तो ओल्या रस्त्यावर कमी पडू शकतो, हेही तिथल्या नियमांत म्हटलेलं आहे.

स्वतःला एकच प्रश्न विचारा: जानेवारीतल्या साध्या सकाळी तुमच्या नेहमीच्या रस्त्याचा रंग कोणता असतो? काळा आणि ओला असेल तर पहिलं घराणं. पांढरा असेल तर दुसरं. पांढरा आणि चकचकीत असेल तर पुढचा प्रश्नही वाचा.

एक गोष्ट अनेकांना उलटी वाटते. बर्फ सगळ्यात निसरडा असतो तो शून्याच्या आसपास, कारण तेव्हा त्यावर पाण्याचा थर असतो. उणे २० ला तोच बर्फ कोरडा होतो आणि पकड सुधारते. म्हणजे "आमच्याकडे थंडी फार नाही" एवढ्यावरून टायर ठरवू नका. वितळून पुन्हा गोठणारे रस्ते सगळ्यात वाईट.

६. खिळ्यांचे टायर घ्यावेत का?

आधी तुमच्याकडे चालतात का ते बघा. जर्मनीत ते १९७५ पासून बंद आहेत. जपानमध्ये खिळ्यांनी खरवडलेल्या रस्त्यांची धूळ इतकी वाढली की १९९० मध्ये त्याविरुद्ध कायदा करावा लागला. बिनखिळ्यांच्या टायरचं तंत्र तिथे एवढं पुढे गेलं त्यामागे हेही कारण आहे. स्वीडनमध्ये खिळे चालतात, पण स्टॉकहोमच्या हॉर्न्सगाटान या रस्त्यावर धुळीपायीच २०१० पासून बंदी आहे.

परवानगी असेल, तर ओल्या काचेसारख्या बर्फावर खिळ्यांना तोड नाही. गावाबाहेरचा, साफ न होणारा, चढउताराचा रस्ता रोजचा असेल तर मी खिळे घेईन. शहरात, उघड्या डांबरावर ते आवाज करतात, रस्ता खातात आणि कोरड्या-ओल्या डांबरावर थांबायला जास्त अंतर घेतात. घेतलेच तर चारही चाकांना घ्या आणि पहिले ५०० किमी सावकाश चालवा, म्हणजे खिळे रबरात नीट बसतात.

७. आकार कोणता घेऊ? एक इंच लहान रिम लावतात ती कशासाठी?

सुरुवात ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरपासून करा, तिथे नसेल तर गाडीच्या पुस्तिकेत बघा. बहुतेक एसयूव्हींना कंपनीने दोन-तीन आकार मान्य केलेले असतात. समजा यादीत २३५/५५ आर १९, २३५/६० आर १८ आणि २३५/६५ आर १७ आहेत. पहिला आकडा रुंदी मिलिमीटरमध्ये, दुसरा म्हणजे टायरच्या बाजूची उंची रुंदीच्या किती टक्के, तिसरा रिमचा व्यास इंचांत. हिशोब केला तर तिन्हींचा बाहेरचा व्यास अनुक्रमे ७४१, ७३९ आणि ७३७ मिमी येतो, म्हणजे जवळपास सारखाच. त्यामुळे स्पीडोमीटर आणि एबीएसला काही फरक पडत नाही.

हिवाळ्यासाठी यातला १७ किंवा १८ चा घ्या असं मी सांगेन. टायरची बाजू उंच असली की बर्फाखाली लपलेल्या खड्ड्यात किंवा फुटपाथच्या कडेवर रिम वाचते. लहान आकाराचे टायर सहसा स्वस्त पडतात आणि त्यात निवडीला वाव जास्त असतो. यादीत थोडा अरुंद आकार असेल तर तोही चांगला: अरुंद टायर भुसभुशीत बर्फ आणि बर्फ-पाण्याचा चिखल कापून खालपर्यंत पोचतो, रुंद टायर त्यावर तरंगायला बघतो.

एकच अडचण, ब्रेक. मोठ्या इंजिनाच्या आवृत्तीचे ब्रेक कॅलिपर मोठे असतात आणि लहान रिम त्यांना घासते. त्यामुळे "याच मॉडेलला १७ बसते" हे ऐकून घेऊ नका, तुमच्याच आवृत्तीची खात्री करा.

८. लोड इंडेक्स आणि वेगाचं अक्षर किती महत्त्वाचं?

लोड इंडेक्स, म्हणजे टायर किती वजन पेलतो त्याचा क्रमांक, अजिबात कमी करायचा नाही. १०४ म्हणजे एका टायरवर ९०० किलो, १०८ म्हणजे १००० किलो. एसयूव्हीत माणसं, सामान, छतावरची पेटी आणि कधी मागे ट्रेलर असं सगळं या आकड्यावर उभं असतं. गाडीला "एक्स्ट्रा लोड" टायर लागत असेल तर हिवाळीही तसाच घ्या.

वेगाच्या अक्षरात थोडी सूट असते. क्यू म्हणजे ताशी १६०, टी म्हणजे १९०, एच म्हणजे २१०, व्ही म्हणजे २४० किमी. अनेक देशांत हिवाळी टायर मूळ टायरपेक्षा कमी अक्षराचा चालतो, मात्र कमाल वेगाचं स्टिकर ड्रायव्हरला दिसेल असं लावावं लागतं.

९. दणकट ऑल टेरेन टायर आहेत, मोठमोठ्या बटणांचे. बर्फात चालतील का?

खोल, भुसभुशीत बर्फात चांगले चालतात. दाबलेल्या आणि काचेसारख्या बर्फावर नाही. बटणं मोठी आणि कडक, काप कमी, त्यामुळे चावा घेणाऱ्या कडाच कमी. डोंगर-हिमकणाचं चिन्ह असलेले ऑल टेरेन मिळतात आणि ते बिनचिन्हाच्यांपेक्षा बरे असतात, पण खऱ्या हिवाळी टायरची बरोबरी ते ब्रेकच्या वेळी करत नाहीत. जंगलातल्या कच्च्या वाटेवर रोज जाणं नसेल तर दिसण्यावर जाऊ नका.

१०. पैसे वाचवायला दोनच हिवाळी टायर घेतले तर?

नको. पुढे लावले तर पुढची चाकं थांबतात आणि मागची बाजू पुढे यायला बघते, वळणावर गाडी गर्रकन फिरते. मागे लावले तर स्टीअरिंग वळवूनही गाडी सरळ जाते. चार किंवा शून्य.

११. कधी लावायचे, कधी काढायचे? कायदा काय म्हणतो?

सकाळचं तापमान सलग काही दिवस ७ अंशांच्या खाली गेलं की लावा, बर्फाची वाट बघू नका. पहिल्या बर्फाच्या दिवशी टायरवाल्याकडे रांग असते आणि तिथपर्यंत जायचा रस्ता तुम्हाला उन्हाळी टायरवर काढावा लागतो. जर्मनीत "ऑक्टोबर ते ईस्टर" असा सोपा ठोकताळा लोक पाळतात.

कायदा देशागणिक बदलतो. कॅनडाच्या क्वेबेक प्रांतात १ डिसेंबर ते १५ मार्च हिवाळी टायर सक्तीचे आहेत. स्वीडनमध्ये १ डिसेंबर ते ३१ मार्च या काळात रस्त्यावर हिवाळी परिस्थिती असेल तर, ऑस्ट्रियात १ नोव्हेंबर ते १५ एप्रिल याच अटीवर. जर्मनीत तारखा नाहीत, परिस्थितीवर अवलंबून आहे, आणि १ ऑक्टोबर २०२४ पासून तिथे नुसतं एम+एस चालत नाही, डोंगर-हिमकणाचं चिन्हच लागतं (प्रश्न ३). सीमा ओलांडून जाणार असाल तर निघण्यापूर्वी पलीकडचा नियम बघून घ्या.

१२. थंडीत हवा किती ठेवायची? कमी ठेवली तर पकड वाढते म्हणतात.

गाडीच्या स्टिकरवर असेल तेवढीच ठेवा. हवा कमी करायची युक्ती वाळूत चालते, रस्त्यावरच्या बर्फात नाही. तिथे टायर मधून दबतो, काप मिटतात आणि बाजू तापते.

लक्षात ठेवायची गोष्ट वेगळी आहे. तापमान साधारण साडेपाच अंशांनी उतरलं की दाब १ पीएसआयने उतरतो. २० अंशांच्या उबदार गॅरेजमध्ये ३५ पीएसआय भरून तुम्ही उणे १० मध्ये बाहेर पडलात तर थोड्या वेळात टायरमध्ये ३० च्या आसपासच उरते. म्हणून हवा बाहेर, थंड टायरमध्ये तपासा, आणि हिवाळ्यात महिन्यातून एकदा तरी तपासाच.

१३. वेगळ्या रिम घ्याव्यात की दर वेळी टायर उतरवून चढवावेत? आणि सेन्सरचं काय?

गाडी तीन-चार वर्षं ठेवणार असाल तर वेगळ्या रिम घ्या. दर हंगामात टायर रिमवरून काढला-घातला की त्याची कड दुखावते, शिवाय दर वेळी बॅलन्सिंग आलं. रिमसकट सेट असेल तर जॅक आणि पाना घेऊन घरीही बदलता येतो.

लोखंडी रिम मिठाने गंजते, पण खड्ड्यात तडकण्याऐवजी वाकते. मोठ्या एसयूव्हींना ती मिळतेच असं नाही, मग साधी, जाड लेपाची अलॉय रिम घ्या. नट मात्र त्या रिमचेच हवेत, कारण बसायची जागा शंकूची की गोल हे रिमगणिक बदलतं. बसवल्यावर ५० ते १०० किमीनंतर टॉर्क पान्याने नट पुन्हा तपासा.

हवेचा सेन्सर चाकाच्या आत असेल तर दुसऱ्या सेटलाही सेन्सर घ्या, नाहीतर हिवाळाभर दिवा पेटून राहील आणि खरंच हवा गेली तरी कळणार नाही. काही गाड्या चाकांच्या फिरण्यावरून अंदाज घेतात, त्यांत नुसतं रीसेट करावं लागतं.

१४. नक्षी किती उरली की टायर बाद? वापरलेला सेट घेतला तर चालेल?

नव्या हिवाळी टायरची नक्षी साधारण ८ ते ९ मिमी खोल असते. युरोपातली कायदेशीर मर्यादा सर्वसाधारणपणे १.६ मिमी आहे, पण बर्फासाठी ती निरुपयोगी. ४ मिमीच्या खाली खाचा बर्फ धरेनाशा होतात आणि ऑस्ट्रियात तर त्याखाली तो हिवाळी टायर म्हणून गणलाच जात नाही. एसयूव्हीसाठी मी ५ मिमीलाच पुढच्या सेटचा विचार सुरू करतो.

वापरलेला सेट घेताना खोलीबरोबर वय बघा. टायरच्या बाजूला "डॉट" या अक्षरांनंतरच्या मालिकेत शेवटचे चार आकडे असतात: २३२१ म्हणजे २०२१ सालचा २३ वा आठवडा. नक्षी कितीही शिल्लक दिसली तरी सहा वर्षांपुढचा हिवाळी टायर मी घेत नाही, कारण मऊपणाच त्याचं भांडवल असतं आणि तोच वयाबरोबर जातो. चारही टायर एकाच नक्षीचे आहेत, बाजूला फुगवटा नाही आणि आतल्या अंगाला ठिगळ नाही एवढं उजेडात तपासा.

१५. झिजत आलेले हिवाळी टायर उन्हाळ्यात वापरून संपवले तर?

नको. गरम डांबरावर मऊ रबर ब्रेकच्या वेळी वाहून गेल्यासारखं होतं, थांबायचं अंतर वाढतं आणि पावसात खाचा उथळ असल्याने पाणी बाहेर जात नाही. जड एसयूव्हीत तर अजिबात नको.

१६. काढलेला सेट कसा ठेवायचा?

काढताना प्रत्येक टायरवर खडूने लिहा: "पुढचा डावा", "मागचा उजवा". पुढच्या हंगामात पुढचे मागे, मागचे पुढे लावले की झीज सारखी होते. बाजूला फिरण्याच्या दिशेचा बाण असेल तर डावी-उजवी बाजू बदलू नका. धुवून, पूर्ण वाळवून, अंधाऱ्या आणि थंड जागी ठेवा. इलेक्ट्रिक मोटरजवळ नको, तिथे तयार होणारा ओझोन रबराला चिरा पाडतो. रिमसकट असतील तर एकावर एक रचा किंवा टांगा, नुसते टायर असतील तर उभे ठेवा आणि मधूनमधून फिरवा.

१७. हिवाळ्याच्या मध्यावर एकच टायर फाटला. एकच नवा घेऊ का?

फोर व्हील ड्राइव्हमध्ये हा प्रश्न नाजूक आहे. नवा ८ मिमीचा आणि बाकीचे ५ मिमीचे असतील तर व्यासात ६ मिमीचा फरक पडतो. ते चाक दर किलोमीटरला बाकीच्यांपेक्षा कमी फेरे घेतं आणि पुढच्या-मागच्या चाकांत जोर वाटणारा मधला क्लच किंवा डिफरन्शियल सतत तो फरक सोसत राहतो. काही गाड्यांत तो यामुळे तापून निकामी होतो. किती फरक चालतो ते पुस्तिकेत दिलेलं असतं. त्याच मॉडेलचा, तेवढाच झिजलेला टायर मिळाला तर उत्तम. नाहीतर दोन नवे घेऊन ते मागे लावा, आणि पुस्तिका तेही नको म्हणत असेल तर चार.

स्टेपनी लहान आकाराची असेल तर ती फक्त टायरवाल्यापर्यंत पोचायला आहे, तीही सावकाश.

१८. हिवाळी टायर असताना चाकांना बांधायची बर्फाची चेन कशाला?

डोंगरी रस्त्यांवर काही ठिकाणी पाटी लागते की चेनशिवाय पुढे जाऊ नये. तिथे टायर कितीही चांगला असला तरी चेन लावावीच लागू शकते. कमाल वेग सहसा ताशी ५० किमी. कोणत्या चाकांना लावायची हे पुस्तिकेत बघा, कारण फोर व्हील ड्राइव्हमध्ये उत्तर गाडीगणिक बदलतं आणि काही आकारांत चाक आणि सस्पेन्शनमध्ये चेनपुरती जागाच नसते. प्रश्न ७ मधला अरुंद आकार इथेही कामी येतो. घरी, उजेडात, एकदा लावून बघा. पहिला प्रयत्न अंधारात, हातमोजे भिजलेले असताना व्हायला नको.

१९. इलेक्ट्रिक एसयूव्हीला काही वेगळं?

बॅटरीमुळे वजन बरंच जास्त, म्हणून लोड इंडेक्सबद्दल (प्रश्न ८) इथे दुप्पट काटेकोर राहा. हिवाळी टायरने पल्ला थोडा कमी होतो, ते स्वीकारा. पाय उचलताच गाडी आपोआप वेग कमी करते, ते ब्रेकिंग निसरड्या रस्त्यावर सौम्य पातळीवर ठेवा, विशेषतः उतारावरच्या वळणात.

२०. माझ्या गाडीला मागचे टायर पुढच्यांपेक्षा रुंद आहेत. हिवाळ्यातही तसंच का?

कंपनीने चारही सारख्या आकाराचा पर्याय मान्य केला असेल तर तोच घ्या. पुढचे-मागचे अदलाबदल करता येतात, झीज सारखी होते आणि मागची रुंद चाकं चिखलावर तरंगत नाहीत. मान्य नसेल तर मूळ जोडीच ठेवा, स्वतः आकार जुळवू नका. अशा गाड्यांत पुढच्या-मागच्या व्यासाचं गणितही ठरलेलं असतं.

२१. सगळं नीट केलं, नवे टायर लावले, तरी गाडी घसरते. टायर खराब निघाले का?

बहुधा नाही. कारखान्यातून आलेल्या टायरवर साच्यातून सुटायच्या लेपाचा अंश असतो, पहिले तीन-चारशे किमी तो घासून जाईपर्यंत पूर्ण पकड येत नाही. मग हवा (प्रश्न १२), फिरण्याच्या बाणाची दिशा आणि अलाइनमेंट तपासा. बाण उलटा लागलेला मी एकदा स्वतःच्याच गाडीवर पाहिला आहे, तेव्हापासून गाडी ताब्यात घेताना चारही चाकांभोवती एक फेरी मारतो.

हे सगळं बरोबर असेल तर वेग बघा. प्रश्न २ मधलाच ०.१ गुणांक घ्या: ताशी ५० ला ९८ मीटर लागत होते, ताशी ३० ला ३५ मीटर लागतात. पहिला बर्फ पडल्यावर एखादं मोकळं, रिकामं पार्किंग शोधा, ताशी ३० ला पूर्ण ब्रेक दाबा आणि गाडी कुठे थांबते ते उतरून पावलांनी मोजा. दोन-तीनदा करा. एबीएसची धडधड पायाखाली जाणवली तरी पाय उचलू नका.